गाऱ्हाण्यातलं गाळलेलं नाव

२ डिसेंबर, मंगळवार

चौतीस वर्षं मालवण डेपोत ड्रायव्हर होतो. रोज लॉगशीट भरली. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोचली, किती किलोमीटर झाले. निवृत्त झाल्यावर पाच वर्षं काही लिहिलं नाही. आज विमा एजंटाने दिलेली ही जुनी डायरी काढली, कारण आमच्या घरातून आता रोज सकाळी एक गाडी सुटते आणि ती मी चालवत नाही.

सुटली ६.४०. परत ७.५०. चालक: मथुरा, माझी बायको, वय छप्पन्न.

स्कूटर माझी आहे. सर्वेशने, म्हणजे आमच्या मुलाने, माझ्या निवृत्तीला पुण्याहून पाठवली. दिवाळीच्या आधी ती आमच्याच गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला घासली. चूक माझी नव्हती. गडग्याचा एक चिरा पुढे आलेला आहे आणि तो मी सगळ्यांना दाखवला. मथुराने चिऱ्यावरून हात फिरवला आणि गाडी चौक्याच्या तिठ्यावर जितेंद्रच्या गॅरेजला दिली. पंधरा दिवसांनी गाडी आली तेव्हा ती स्वतःच चालवत आली. मागून जितेंद्र चालत येत होता. चावी त्या दिवसापासून तिच्या कमरेच्या पिशवीत आहे.

"तुका कोणी शिकयल्यान?" मी विचारलं.

"जितेंद्रान."

"आणि मी काय मेललो होतंय?"

"तुमी वरडतास," म्हणाली आणि भात वाढायला लागली.

शहाण्णव साली तिला मोपेड शिकवत होतो तेव्हा एकदा मी आवाज चढवला होता. देवळासमोर चार माणसं बघत होती. ती उतरली आणि घरी चालत गेली. पुन्हा कधी गाडीला हात लावला नाही. त्याला आता तीस वर्षं होतील. एवढं मनाला लावून घ्यायचं काय त्यात?

५ डिसेंबर, शुक्रवार

सुटली ६.३५. परत ८.०५. वीस मिनिटं उशीर. विचारलं तर म्हणाली, चढावर थांबून गाडी परत उचलायला शिकले. एवढ्याला दीड तास?

आज सगळा बेत कळला. आमच्या वाडीच्या बायकांचं भजनी मंडळ अकरा जानेवारीला रेडीच्या गणपतीला जाणार, भजन करायला. दर वर्षी कुठे जायचं तर टेम्पो करतात. या वर्षी रामचंद्रच्या बायकोने, चंद्रावतीने फतवा काढला की टेम्पोत सुक्या बांगड्यांसारखं भरून जायचं नाही. सात बायका, सात स्कूटरी. चौक्यावरून कुडाळ, कुडाळातून पिंगुळी, मठ, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी. आठवी स्कूटर जितेंद्रची, कारण मृदंग तो वाजवतो.

रेडीची गाडी मी अकरा वर्षं चालवली. मठच्या वळणावर कुठे कुठला माड आहे ते मला झोपेत सांगता येईल. मला कोणी एक शब्द विचारला नाही. जितेंद्र गॅरेजवाला त्यांना वाट दाखवणार.

हा जितेंद्र पंचेचाळीसचा. लग्न केलं नाही. म्हातारी आई आहे. आवाज मऊ, कधी कोणावर ओरडल्याचं ऐकिवात नाही. असल्या माणसांची मला पहिल्यापासून धास्ती वाटते.

११ डिसेंबर, गुरुवार

आज मी स्वतः पाहणी केली.

शाळेमागच्या मैदानावर यांची शिकवणी चालते. घरापासून तीनशे पावलं. काजूच्या झाडाआड उभा राहिलो. एक हिरवी साडी आणि एक पांढरा शर्ट. शर्ट जितेंद्रचा. साडी मथुराची, तिच्याकडे तशीच एक आहे. तो तिच्या हातावर हात ठेवून हँडल धरून उभा होता आणि दोघं हसत होती. अगदी स्वच्छ दिसलं असं म्हणत नाही, सकाळचं धुकं होतं, पण जेवढं दिसलं तेवढं मला पुरे झालं. तळपायाची आग मस्तकात गेली. परत फिरलो.

घरी आलो तर मथुरा घावणे घालत होती. अंगावर तपकिरी साडी. म्हणजे माझ्या आधी पोचली, साडी बदलली, पीठ भिजवलं आणि चार घावणे घालूनही झाले. बाई भलतीच चपळ झाली आहे.

"खंय गेल्लास सकाळी सकाळी?" तिने विचारलं.

"फेरी मारूक."

"काठी नाय न्हेलास ती?"

मला काठी कशाला? त्रेसष्ट म्हणजे काय वय झालं? तिला आता मी म्हातारा दिसतो. पंचेचाळीसच्या माणसाबरोबर रोज तासभर काढल्यावर दिसणारच. अर्धा घावणा ताटात ठेवला.

१७ डिसेंबर, बुधवार

सुटली ८.१५. परत दुपारी १.४०. म्हणाली, कट्ट्याच्या बाजारात गेले होते.

ती आंघोळीला गेल्यावर गाडीचा मीटर बघितला. हल्ली हे आकडे इतके बारीक घालतात की मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचावा लागला. काल रात्रीचा फोटो माझ्याकडे होताच. वजाबाकी केली. अठ्ठावन्न किलोमीटर. कट्टा जाऊन-येऊन सोळा-सतरा होतात. उरलेले चाळीस कुठे गेले?

दुपारी सहज म्हणून तिठ्यावर गेलो. गॅरेज बंद. शेजारच्या टपरीवाला म्हणाला, जितेंद्र सकाळीच स्कूटर घेऊन गेला, आठच्या सुमाराला.

आठच्या सुमाराला!

तिच्या पिशवीत एक घडी केलेला कागद आहे. शिक्का आहे एवढं दिसलं. अक्षर अगदी फिकट, उजेडात धरूनही लागलं नाही. हॉटेलची पावती असेल का? हॉटेलवाले शिक्का मारत नाहीत. सरकारी कागदच असणार. नवराबायकोत सरकारी कागद कधी लागतात ते मला माहीत आहे. डेपोतल्या एका कंडक्टरचं तसं झालं होतं. तो साठीला आला होता तेव्हा.

संध्याकाळी तिने कुळथाची पिठी केली. माझी आवडती. अपराधी माणूस असाच वागतो.

२१ डिसेंबर, रविवार

सुटली ६.३०. परत ७.४५.

तिला नवं हेल्मेट आलं. लाल, पुढे काळी काच. जितेंद्रने सगळ्यांसाठी एकदम मागवली म्हणे. ते घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःशीच हसली. पस्तीस वर्षांत मी तिला चार-पाच दागिने केले, पण अशी आरशासमोर उभी राहिलेली मला आठवत नाही.

रामचंद्रला सांगावं म्हणून त्याच्याकडे गेलो. माझा हा लहानपणापासूनचा मित्र, पण हल्ली रस्त्यात समोरून आला तरी हाक मारेपर्यंत ओळख देत नाही. त्याला म्हटलं, "तुका काय वाटता? ह्या बायकांचा आणि जितेंद्राचा?"

"काय वाटूचा?"

"काय वाटूचा काय! वाडयेतली सात घरां आसत."

रामचंद्र बराच वेळ पान लावत बसला. मग म्हणाला, "दत्ताराम, तू एकदा जितेंद्राच्या आवशीक जावन भेट."

"तिका भेटान काय करू?"

"भेट रे. बस जरा थंय."

त्यालाही सगळं ठाऊक आहे तर. म्हातारीकडून वळवावं असं सुचवतो आहे. मथुराही त्या म्हातारीकडे फार जाते, आठवड्यातून दोनदा तरी. म्हातारीचं भाद्रपदात डोळ्यांचं काहीतरी झालं होतं आणि आता ती स्वतः सुईत दोरा ओवते म्हणून मथुरा कौतुक सांगत असते. मी ऐकून घेतो. मला कळतं, म्हातारी हे निमित्त आहे.

आता डोळ्यांवरून आठवलं. गणपतीत मथुराने एकदा माझ्यापुढे डॉक्टरचा विषय काढला होता. मी ताटावरून उठलो आणि दोन दिवस जेवलो नाही. ड्रायव्हरच्या डोळ्यांवर संशय म्हणजे त्याच्या अख्ख्या नोकरीवर संशय. चौतीस वर्षांत मी एक कोंबडीसुद्धा मारली नाही. त्यानंतर तिने परत नाव काढलं नाही, म्हणजे तिलाही पटलं असणार.

२९ डिसेंबर, सोमवार

आठ दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही, पण रोज तेच. सुटली, आली. सुटली, आली. आणि या डायरीच्या रेघा एवढ्या फिकट छापल्या आहेत की दोन ओळी एकमेकींवर जातात.

खरं काय ते आज लिहितो, वाचणारं कोणी नाही. मला जितेंद्रचा हेवा वाटतो. तो तिच्या मागून चालतो आणि ती पडली नाही तर "बरोबर" म्हणतो. एवढंच. मी कोणाला आयुष्यात "बरोबर" म्हटलेलं मला आठवत नाही. कंडक्टरला नाही, सर्वेशला नाही. ती घरात आली की तिच्या चेहऱ्यावर वारा लागल्यासारखं काहीतरी असतं. ते दाराशी पायपुसण्यावर पुसून आत येते आणि मग माझ्यासाठी चहा ठेवते. मला ते बाहेरचं हवं आहे. मिळत नाही, म्हणून तिठ्यावरच्या त्या माणसाच्या नावाने बोटं मोडतो.

६ जानेवारी, मंगळवार

काल चंद्रावती आणि मंडळातली शर्मिला घरी आल्या. रविवारी सकाळी देवळासमोर नारळ ठेवायचा आहे, गाऱ्हाणं मी घालावं अशी सगळ्यांची इच्छा.

वाडीत गाऱ्हाणं माझंच लागतं. आवाज आहे, आणि एकाचंही नाव सुटत नाही. ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव देवाच्या कानावर गेलं पाहिजे, नाहीतर देवाने राखायचं तरी कोणाला? मे महिन्यात मुंबईकर येतात तेव्हा चाळीस-चाळीस नावं मी न अडखळता घेतलेली आहेत.

"घालतंय," म्हटलं.

मथुरा दारात उभी होती. ती खुशीने हसली. माझ्याकडे बघून. म्हणून रात्रभर बरं वाटलं आणि सकाळी तिची गाडी सुटल्यावर ते गेलं.

११ जानेवारी, रविवार, सकाळी ९

घाईत लिहितो.

सात वाजता देवळासमोर आठ स्कूटरी ओळीने. पायापाशी टाळांच्या पिशव्या, जितेंद्रच्या मागच्या सीटवर मृदंग कापडात गुंडाळून बांधलेला. सगळ्यांच्या घरची माणसं जमलेली. मी नारळ घेतला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरां गाडये घेवन तुज्या पायाकडे उभी आसत. रेडीक जातत, देवाचा नाव घेवक जातत. वाटेक काय इडापिडा आसात ती दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी म्हणाली.

"चंद्रावतीच्या गाडयेक सांभाळ. शर्मिलाच्या गाडयेक सांभाळ..."

प्रत्येक नावाला "व्हय म्हाराजा". मथुराचं नाव सातवं घेतलं. आता आठवं. जितेंद्र अगदी माझ्यासमोर हात जोडून उभा होता. डोळे मिटलेले होते की उघडे ते कळलं नाही. मी श्वास घेतला, आणि म्हणालो, "जशी जातत तशी सुखरूप घराक हाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. गाड्या सुटल्या ७.२५. कोणाच्या लक्षात आलं नाही.

घरी येताना मी शीळ घालत होतो. चहा केला. दुसरा घोट घेतला आणि हात थांबला. मुद्दाम गाळलं. देवासमोर उभं राहून, नारळ हातात धरून, एका माणसाला उघड्यावर सोडलं. आणि जितेंद्र सगळ्यांत शेवटी आहे, त्याच्या पुढे मथुरा. त्याला काही झालं तर मथुरा आधी मागे वळून बघणार. चालत्या गाडीवर.

रेडी म्हणजे पाऊणशे किलोमीटर. त्यांनी गाठण्याआधी त्यांना गाठून नाव घ्यायला पाहिजे. साडेनऊची कुडाळ गाडी आहे.

१२ जानेवारी, सोमवार

कालचं सगळं लिहितो, राहिलं तर राहूनच जाईल.

साडेनऊची गाडी मंगेश चालवत होता. माझ्या हाताखाली तयार झालेला पोरगा, आता त्याचेही केस पिकले. "काका, आज खंय?" त्याने विचारलं. सांगितलं, रेडीला देवदर्शनाला. खिडकीशी बसून नेरूरपारच्या पुलापर्यंत मी समोरच्या प्रत्येक स्कूटरकडे बघत होतो. उन्हाने सगळं पांढरं दिसत होतं.

कुडाळात वेंगुर्ल्याच्या गाडीची पाटी उन्हात चमकत होती, वाचता येईना. शेजारच्या बाईला विचारून बसलो. पिंगुळी मागे पडली. मठला आलो तर रस्त्याकडेला एका दुकानासमोर ओळीने उभ्या होत्या. लाल, निळी, पिवळी, लाल. मी ओरडलो, "थांबय! थांबय!" ड्रायव्हरने गाडी उभी केली, मी उतरलो, गाडी गेली.

प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. कोणाच्या तरी लग्नाच्या, धुऊन उन्हात ठेवलेल्या.

त्या खुर्च्यांपाशी मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. मोबाईल घरी चहाच्या कपाशेजारी राहिलेला. गाड्या पुढे गेल्या की मागे राहिल्या तेही कळेना. तेवढ्यात कुडाळच्या बाजूने एक स्कूटर येताना दिसली. मी रस्त्यात जाऊन हात केला. स्कूटर थांबली. बाई होती, हेल्मेट घातलेली.

मी म्हणालो, "ओ बाई, वाटेक खंय आठ स्कूटरी दिसले काय तुमका? बायकांचे? माजी बायको आसा तेंच्यात."

बाईने इंजिन बंद केलं. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून जवळ गेलो, हातभर अंतरावर, आणि परत तेच मोठ्याने विचारलं.

तिने काच वर केली. "आयकलास?" म्हणाली. "मी मथुरा."

हेल्मेटची काच काळी होती. कोणालाही ओळखू आलं नसतं. असं मी तिला म्हणणार होतो. पण हेल्मेट मी आधी पाहिलेलं होतं. साडी मी सकाळी पाहिलेली होती, निळी, पांढऱ्या बुट्ट्यांची. आणि खाली ती स्कूटर माझी होती. गडग्याला घासलेल्या जागी जितेंद्रने लावलेला रंग जरा गडद आहे, तो माझ्या गुडघ्यापासून वीतभर होता.

मागून एकेक स्कूटर येऊन थांबली. पिंगुळीला कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीची चित्रं बघत दोन-तीन तास गेले होते त्यांचे, आणि तिथून मथुरा पुढे लागली होती. कोणी मला विचारलं नाही की मी इथे कसा. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की यांना काहीतरी माहीत आहे, आणि ते माझ्याबद्दल आहे.

जितेंद्र शेवटी आला. धडधाकट. मी त्याला बाजूला घेतलं.

"जितेंद्र, सकाळी गाऱ्हाण्यात तुजा नाव मी घेवक नाय."

"ठावक आसा, काका."

"मुद्दाम घेवक नाय."

"ता पण ठावक आसा." तो हसला. त्याच मऊ आवाजात म्हणाला, "म्हणानच आज तीसच्या वर काटो जावक दिलो नाय. चला, माज्या मागे बसा. मृदंग चंद्रावतीकाकीकडे देतंय."

"ते माज्या मागे बसतले," मथुरा म्हणाली.

मी आयुष्यात कोणाच्या मागे बसलेलो नाही. बसलो. तिने गाडी उचलली ती अशी अलगद, की मी काय बोलणार होतो ते विसरलो. वेंगुर्ल्याच्या बाजारात मासळीवाल्या मधोमध उभ्या, रिक्षा आडवी, समोरून ट्रक. माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधत होता, तिथे ब्रेक नव्हता. ती शांतपणे डावीकडे दबली, ट्रकला जाऊ दिलं, निघाली. आरशात जितेंद्र मान हलवताना तिला दिसला असणार, कारण तिची पाठ जरा ताठ झाली. मला दिसला नाही, पण कळलं. मी "बरोबर" म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तो आरशातून म्हणून बसला. इतका राग आला मला त्याचा, काल, त्या वेळीसुद्धा.

रेडीला भजन झालं. जितेंद्रचा हात मृदंगावर चांगला आहे. हे लिहिताना जड जातं, पण आहे. मग पायऱ्यांवर नारळ ठेवला आणि मी सकाळचं पुरं केलं. जितेंद्रचं नाव घेतलं. त्याच्या गाडीचं घेतलं, आईचं घेतलं, गॅरेजचंही घेतलं. "व्हय म्हाराजा" झालं. मी नारळ उचलणार तोच मथुरा पुढे आली.

"माजा एक ऱ्हवला," म्हणाली.

आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. का ते कोणी विचारलेलं नाही. ती पदर खांद्यावरून घेऊन हात जोडून उभी राहिली.

"बा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायकांनी एकदम उचललं.

"माजे घोव, दत्ताराम."

माझं नाव. पस्तीस वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा आडवळणाने घेतलं होतं.

"तेंनी चौतीस वर्सां येष्टी चालवल्यानी. एक कोंबी मारूक नाय."

"व्हय म्हाराजा!"

"आता तेंच्या डोळ्यांर पडदो इलो आसा. ता तेंका ठावक आसा, माका ठावक आसा, सगळ्या गावाक ठावक आसा. तोंडान कोण बोलणा नाय."

"व्हय म्हाराजा," जरा हळू आलं.

"जितेंद्राच्या आवशीक उजेड दिलंस, तसो तेंका दी. सोळा तारखेक ओरोसाक हॉस्पिटलात बोलवल्यानी हा. येष्टीन जावक ते लाजतले, सगळे ड्रायव्हर वळखीचे. म्हणान मी गाडी शिकलंय. एकदा अठ्ठावन किलोमीटर जावन, कागद घेवन इलंय. आता तेंका नेतंय. वाटेक काय आडवा येव नये. आणि तेंनी मागे गप बसान येवचा, वरडाचा नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" आणि सगळ्या हसल्या, चंद्रावती तर डोळे पुसत हसली.

गाऱ्हाण्याला जमलेल्या प्रत्येकाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. मला म्हणता आलं नाही. मथुरा माझ्याकडे बघत थांबली होती, थोडा वेळ. मग तिने नारळ उचलून फोडला.

आज सकाळी म्हातारीकडे जाऊन आलो. ती सुईत दोरा ओवत होती. तिने मला विचारलं, अकरा डिसेंबरला काजूआड उभा राहून काय बघत होतास? तेव्हा हिरव्या साडीत स्कूटरवर तीच बसली होती. नवे डोळे आल्यावर मुलाला म्हणाली होती, मलाही एकदा बसव.

१६ जानेवारी, शुक्रवार

सुटलो ७.१०. कट्ट्याला चहा, दहा मिनिटं. ओरोस ८.४०. चालक: मथुरा. प्रवासी: एक.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितो. डोळ्यांत थेंब घातले की दोन-तीन तास काही दिसणार नाही म्हणतात. मथुरा तो शिक्क्याचा कागद घेऊन रांगेत उभी आहे.

जितेंद्र येतो म्हणाला होता. मथुराने नको सांगितलं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली. पण तिठ्यावर तो गॅरेजच्या दारात उभा होता. आमची गाडी पुढे गेली तेव्हा त्याने हात वर केला. मीही केला. उशिरा केला, त्याला दिसला की नाही कोण जाणे.

कसालच्या उतारावर तिने दोन्ही ब्रेक एकदम दाबले. ओठांपर्यंत आलेलं मी गिळलं. पुढच्या उतारावर तिने नीट केलं. "बरोबर," म्हणालो. तिची पाठ ताठ झाली.

हॉस्पिटलच्या फाटकात ती गाडी स्टँडला लावत होती. मी मागे उभा राहून म्हटलं, "व्हय म्हाराजा." हळूच म्हटलं.

तिने हेल्मेटची काच वर केली. "काय म्हणालास?"

मी परत म्हणालो. या वेळी वरडून.

फाटकातली चार माणसं वळून बघायला लागली. ती चालत निघून गेली नाही.